वाढत्या मापाची रायफल नको

प्रश्न : दादा, सप्रेम नमस्कार. आम्ही मूळचे नाशिकचे, आता विस्कॉन्सिनात मॅडिसनजवळ राहतो. मुलगी तेरा वर्षांची, जन्म इथलाच. तिच्या मैत्रिणीच्या घरी आजोबा-पणजोबांपासून हरणाची शिकार चालते आणि नोव्हेंबरात सगळं कुटुंब उत्तरेतल्या त्यांच्या केबिनवर जातं. गेल्या वर्षी ही नुसती बघायला गेली होती, यंदा तिला स्वतः करायची आहे. मी कॉलेजात एनसीसीत .२२ चालवली तेवढीच, त्यानंतर बंदुकीला हात लावलेला नाही.

मैत्रिणीचे वडील म्हणतात, माझी जुनी ३०-०६ काडतुसाची रायफल दीडशे डॉलरला घेऊन टाक, आत्ता जरा मोठी होईल पण पोरगी वाढतेच आहे, जन्मभर पुरेल. दुकानातला मुलगा म्हणतो ६.५ क्रीडमोर काडतुसाच्या रायफलीशिवाय दुसरं काही बघूच नका. माझं बजेट सगळं मिळून आठशे डॉलर. मी अजून एच-वन-बीवर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत. त्यावर ते गृहस्थ म्हणाले, अडचण असेल तर मी माझ्या नावावर घेऊन देतो, पैसे तू दे. आणि डिसेंबरात माझी आई येते आहे. तिला हे कसं सांगायचं?
– लेकीचा बाबा, सन प्रेअरी

उत्तर :

३०-०६ घेऊ नका. दीडशे डॉलरला मिळते आहे म्हणून नको आणि फुकट दिली तरी मुलीसाठी नको. रायफल चांगलीच असणार. १९०६ साली अमेरिकी लष्करासाठी निघालेलं ते काडतूस आजही इथल्या शिकाऱ्यांच्या कपाटात हमखास सापडतं, त्याने हरीणच काय, मूसही पडतो. पण ती रायफल तुमच्या मित्राच्या खांद्याची आहे, तुमच्या लेकीच्या नाही. आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, बाह्या दुमडल्या की दोन वर्षं निघतात. रायफलला दुमडायला बाह्या नसतात.

मुद्दा धक्क्याचा आहे. गोळी पुढे सुटली की रायफल मागे येते. काडतूस जितकं दमदार आणि रायफल जितकी हलकी, तितका खांद्याला मार जास्त. सारख्या वजनाच्या रायफलीत ३०-०६ चा धक्का .२४३ विंचेस्टरच्या जवळजवळ दुप्पट बसतो. मोठ्या माणसाला तो चालून जातो. चाळीस-पंचेचाळीस किलोच्या मुलीचं शरीर मात्र पहिल्या दोन-तीन गोळ्यांतच शिकतं की चाप ओढला की मार बसतो. मग पुढच्या गोळीला चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा आक्रसतो, बोट हिसका देतं. इथे याला फ्लिंच म्हणतात. ही सवय दोन-तीन गोळ्यांत लागते आणि घालवायला वर्षं जातात. त्यात मुलं दुखतंय म्हणून सांगत नाहीत, आणि बाबा पैसे खर्चून शेजारी कौतुकाने उभे असतील तर मुळीच सांगत नाहीत.

रेंजवर याने फार तर कागदावरचा नेम चुकतो. रानात गोळी फुफ्फुसाऐवजी पोटात बसते, हरीण तसंच पळतं आणि मग टॉर्च घेऊन रक्ताचा माग काढत फिरावं लागतं. मुरलेल्या शिकाऱ्यालाही ती रात्र नको असते. तेरा वर्षांच्या पोरीच्या पहिल्याच हंगामात ती आली तर ती पुन्हा रायफल उचलेल याची खात्री मी देणार नाही.

म्हणून कॅलिबरच्या, म्हणजे काडतूस कुठलं याच्या, आधी रायफलीचं माप बघा. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर, ज्याला दुकानात लेंथ ऑफ पुल म्हणतात, मोठ्यांच्या रायफलीत साधारण साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं. लहान चणीच्या मुलांना बारा-साडेबारा लागतं. रायफल रिकामी आहे हे दुकानदाराने बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, उघडून दाखवल्यावर मुलीला कोपर काटकोनात वाकवायला सांगा, दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा आणि तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पोचतं का ते बघा. ही झाली ढोबळ रीत. खरी परीक्षा रायफल खांद्याला लावल्यावर होते. गाल दस्त्यावर टेकला की स्कोपमधलं (नेमाच्या दुर्बिणीतलं) पूर्ण वर्तुळ आपोआप दिसायला हवं, त्यासाठी मान ताणावी लागता कामा नये. दस्ता लांब आणि पुढचं वजन जास्त असलं की मूल तोल सांभाळायला कमरेतून मागे झुकतं. ते दिसलं की रायफल परत ठेवून द्या, विक्रेता काहीही म्हणो. जाताना तिचं थंडीचं जाडजूड जॅकेट बरोबर न्या आणि ते घालूनच माप घ्या. टी-शर्टवर नेमकी बसलेली रायफल विस्कॉन्सिनच्या नोव्हेंबरातल्या कपड्यांवर चांगलीच लांब वाटते.

त्याच फेरीत तिचा कुठला डोळा जोरकस आहे तेही तपासा. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायची, त्यातून लांबची एखादी वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने वस्तू खिडकीत राहते तो जोरकस. उजव्या हाताची मुलगी आणि डावा डोळा, अशी जोडी बरीच आढळते. अजून काहीच सवय लागलेली नाही तोवर डाव्या खांद्यावरून शिकवणं सोपं जातं, आणि डावखुरी बोल्ट असलेल्या रायफली मिळतात.

आता काडतूस. .२४३ विंचेस्टर, ७ एमएम-०८ रेमिंग्टन आणि ६.५ क्रीडमोर या तिघांपैकी कुठलंही एक घेतलंत तर फसणार नाही. तिच्यासाठी मला विचाराल तर .२४३. .३०८ विंचेस्टरच्या काडतुसाची मान बारीक करून १९५५ साली ते निघालं, आणि तेव्हापासून या देशातल्या किती पोरांनी पहिलं हरीण त्यावर पाडलं असेल कोण जाणे. धक्का सौम्य, गोळी सरळ जाते, जवळपास प्रत्येक दुकानात मिळतं. फक्त खोक्यावरचा ग्रेनचा, म्हणजे गोळीच्या वजनाचा, आकडा वाचायला शिका. ५५-५८ ग्रेनच्या हलक्या गोळ्या कोयोट आणि प्रेअरी डॉगसारख्या छोट्या प्राण्यांसाठी असतात. हरणाला लागल्या तर वरच फुटतात, आत जात नाहीत. हरणासाठी ९५ ते १०० ग्रेनची, शिकारीसाठी बनवलेली गोळी घ्या, किंवा ८०-८५ ग्रेनची पूर्ण तांब्याची. तांब्याची महाग असते, पण शिशाचे बारीक कण मांसात पसरत नाहीत. घरात ते मांस मुलं खाणार असतील तर मी ते जास्तीचे पैसे देईन.

.२४३ वर टीका होते ती अशी की गोळी हलकी, म्हणून चुकीला माफी नाही. टीका खरी आहे. पण ज्या काडतुसाची भीती वाटत नाही त्यावर चुका कमी होतात, आणि माझ्या मते तोलून पाहिलं तर हे पारडं जड आहे. मुलगी अंगापिंडाने थोराड असेल तर ७ एमएम-०८ घ्या. १२० ते १४० ग्रेनची गोळी, धक्का थोडा जास्त पण सोसवेल असा, आणि पुढे एल्कपर्यंत साथ देईल. त्याची खोकी मात्र छोट्या गावातल्या दुकानात दर वेळी मिळतीलच असं नाही.

६.५ क्रीडमोरबद्दल दुकानातला मुलगा खोटं बोलत नाहीये. हॉर्नाडी कंपनीने २००७ मध्ये ते लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी आणलं आणि शिकाऱ्यांनी उचलून धरलं. त्याची खासियत पाचशे यार्डांपुढे कळते. तुमची लेक शंभर यार्डांच्या आत बसणार आहे, झाडीत तर त्याहूनही जवळ, तेव्हा त्या खासियतीचा तिला उपयोग शून्य. पण मापाची बसणारी रायफल दुकानात फक्त क्रीडमोरमध्ये असेल तर खुशाल घ्या. धक्का .२४३ पेक्षा थोडाच जास्त, गोळ्या सगळीकडे. मापासाठी कॅलिबर बदललं तर काही बिघडत नाही, कॅलिबरसाठी मापाशी तडजोड करू नका, एवढंच.

कोणी .३५० लिजंड सुचवेल. २०१९ साली विंचेस्टरने आणलेलं हे सरळ नळकांड्याचं, म्हणजे मान बारीक नसलेलं, काडतूस धक्क्याला फार सौम्य आहे. ओहायोसारख्या काही राज्यांत हरणासाठी सरळ नळकांड्याच्याच काडतुसांना परवानगी आहे. कोलंबसला बदली होण्याची शक्यता असेल तर विचार करा. विस्कॉन्सिनात तशी अट नाही. इथे २०१३ पासून सगळ्या काउंट्यांत रायफल चालते.

आणि केबिनवर कोणीतरी म्हातारबुवा .३०-३० लिव्हर ॲक्शनची (चापाखालची कडी ओढून गोळी भरायची रायफल) भलामण करतीलच. मला ती रायफल मनापासून आवडते. पण बाहेर निघालेला घोडा गारठलेल्या लहान बोटांनी भरल्या रायफलीवर हळूच खाली घ्यायचा, हे काम पहिल्या हंगामाचं नव्हे. सेमी-ऑटोही आत्ता नको. दुसरी गोळी हाताशी आहे म्हटलं की पहिलीवरचं लक्ष उडतं. दर गोळीला बोल्ट हाताने मागेपुढे करायची साधी बोल्ट ॲक्शन बरी: एक गोळी, मग थांबा, मग बोल्ट.

रायफली आता स्वस्तातल्याही अचूक येतात, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तसं नव्हतं. सॅव्हेज ॲक्सिस मालिकेतली छोट्या दस्त्याची रायफल चारशे डॉलरच्या आसपास मिळते. त्यात ‘ॲक्सिस टू’ घ्या, कारण तिच्यातला ॲक्यूट्रिगर हलका करता येतो, आणि जड चाप ओढताना लहान बोट नळीही ओढतं. रुगर अमेरिकन कॉम्पॅक्ट थोडी महाग, बोल्ट अधिक सुबक. तिच्या नव्या, दुसऱ्या पिढीच्या दस्त्याची लांबी कमी-जास्त करता येते, पण ती तुमच्या बजेटला ताण देईल. तुमच्यासाठी माझं मन मॉसबर्ग पॅट्रियटच्या यूथ मॉडेलकडे झुकतं, ज्याला ‘सुपर बँटम’ म्हणतात. दस्त्यात एक जाड चकती असते. आज ती काढून बारा इंचांवर ठेवा, दोन वर्षांनी लावून तेरा करा. ‘पोरगी वाढतेच आहे’ याचं खरं उत्तर ते आहे. दिसायला तिन्ही प्लास्टिकच्या दस्त्याच्या आणि रुक्ष आहेत. भिंतीवर मिरवायची रायफल तिला वीस वर्षांनी घेऊ दे.

जुनी घ्यायलाही हरकत नाही, उलट विस्कॉन्सिनात मुलांनी वापरून सोडलेल्या .२४३ पुष्कळ निघतात. नळीला आतून गंज नाही ना आणि सुरक्षेचा खटका लावल्यावर चाप हलत नाही ना, हे गनस्मिथकडून बघून घ्या. रेमिंग्टन ७०० किंवा मॉडेल सेव्हन समोर आली तर विशेष जपून. २००६ ते २०१४ दरम्यान बनलेल्या, एक्स-मार्क प्रो चाप असलेल्या रायफली कंपनीने एप्रिल २०१४ मध्ये परत बोलावल्या होत्या, कारण चाप न ओढताही गोळी सुटण्याचा धोका होता. चाप बदलल्याचा पुरावा नसेल तर हात लावू नका.

स्कोप ३-९ पट पुरे. विस्कॉन्सिनातच, तुमच्या पश्चिमेला बार्नव्हेल्डला, व्हॉर्टेक्स कंपनी आहे. तिचा क्रॉसफायर टू दीडशेच्या आसपास पडतो आणि बिघडला तर कंपनी जन्मभर दुरुस्त करून देते. डोळा आणि स्कोप यांत साडेतीन-चार इंच अंतर राहील असा बसवून घ्या, तेही तिला रायफल धरायला लावून. मुलं दस्त्यावर पुढे पुढे सरकतात आणि धक्क्याने स्कोपची कड भुवईवर आपटते. रानात कायम तीन पटीवर ठेवायला सांगा. नऊ पटीवर झाडाची साल दिसते, हरीण सापडत नाही.

म्हणजे रायफल सव्वाचारशे-साडेचारशे, स्कोप दीडशे, माउंट-रिंगा तीस-चाळीस. उरलेले गोळ्यांना आणि कानांना. वीस गोळ्यांचं खोकं तीस-चाळीस डॉलरला पडतं, तशी दोन-तीन लागतील. इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षक पन्नास-साठला मिळतात, त्यात बोलणं ऐकू येतं आणि आवाज झाला की बंद होतो. त्याच्या आत फोमचे बोळेही घाला. रायफलीचा आवाज १४० डेसिबलच्या बराच वर जातो, आखूड नळीचा जास्तच, आणि एका गोळीने गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. निम्मा फ्लिंच खांद्यामुळे येतो तर निम्मा कानांमुळे. बजेटला कात्री लावायचीच असेल तर स्कोपला लावा.

आता खरेदी कोणाच्या नावावर. इथे मी जरा कडक बोलणार आहे. मित्राने त्याच्या नावावर घ्यायची आणि पैसे तुम्ही द्यायचे, याला इथे स्ट्रॉ परचेस म्हणतात. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फेडरल फॉर्म भरताना ‘खरा खरेदीदार मीच’ असं लिहून द्यावं लागतं. २०२२ च्या कायद्यानंतर अशा खरेदीला पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. भल्या माणसाने भलेपणाने सुचवलं आहे, म्हणूनच त्यालाही वाचवा.

तुमचं स्वतःचं म्हणाल तर एच-वन-बी हा नॉन-इमिग्रंट व्हिसा आहे, आणि फेडरल कायद्याने अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच सर्वसाधारणपणे बंदी आहे. नुसती खरेदी नव्हे, घरात ठेवणंही आलं. पण त्याच कायद्यात अपवाद आहे: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने रीतसर दिलेला, चालू असलेला शिकारीचा परवाना तुमच्याकडे असेल तर ती बंदी लागू होत नाही. परवाना तुमच्या नावाचा हवा, लेकीचा चालत नाही. आणि त्याची मुदत संपली की अपवादही संपतो, म्हणजे रायफल घरात असेपर्यंत परवाना दर वर्षी खंड न पडता घेत राहायचं. ग्रीन कार्ड आलं की हा प्रश्न मिटतो. तोपर्यंत तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारूनच पुढे जा. त्या सल्ल्याची फी ही या सगळ्यातली सर्वात स्वस्त वस्तू आहे. पत्नी ग्रीन कार्डधारक किंवा नागरिक असेल तर वेगळी गोष्ट, पण तुमच्या पत्रावरून तसं वाटलं नाही.

पहिल्या वर्षी विकत घेऊच नका, हाही एक मार्ग आहे आणि मला तो आवडतो. लेकीच्या मैत्रिणीची .२४३ किंवा तत्सम छोटी रायफल असेल तर रानात ती वापरू दे. विस्कॉन्सिनच्या नैसर्गिक संसाधन विभागाचे ‘लर्न टू हंट’ कार्यक्रम असतात, त्यांत नवख्यांना साधनंही मिळतात. फोर-एच या मुलांच्या संघटनेचे नेमबाजीचे गट .२२ वर शिकवतात. एका हंगामानंतरही तिला गोडी राहिली तर घ्या. आठशे डॉलर कुठे पळून जात नाहीत.

तोवर तुम्ही दोघं मिळून हंटर एज्युकेशनचा कोर्स करा. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही विस्कॉन्सिनात शिकारीच्या परवान्यासाठी तो लागतो, म्हणजे तुम्हालाही. फी दहा डॉलर. कोर्स न केलेल्याला मेंटॉरच्या, म्हणजे सोबतच्या अनुभवी माणसाच्या, हाताच्या अंतरावर राहून शिकार करण्याची सोय आहे, पण तुम्ही तो आडमार्ग घेऊ नका. घरातल्या एका मोठ्या माणसाला तरी सगळं कळत असायला हवं. तेरा वर्षांच्या मुलीला प्रमाणपत्र मिळालं तरी पालक किंवा पालकाने नेमलेलं सज्ञान माणूस नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात लागतं.

नोव्हेंबरच्या नऊ दिवसांच्या हंगामाची वाटही बघू नका. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी पाच लाखांहून जास्त शिकारी रानात उतरतात, थंडी हाडात शिरते, आणि केबिनवर सगळ्यांचे डोळे नव्या पोरीवर. ऑक्टोबरात पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दोन दिवसांची वेगळी शिकार असते. हवा बरी असते, गर्दी नसते आणि बरोबरच्या मोठ्या माणसाला बंदूक चालवायची नसते, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष मुलीवर राहतं. भडक नारिंगी टोपी आणि जॅकेट तेव्हाही घालायचंच. इथे २०१६ पासून भडक गुलाबीही चालतं.

सराव उन्हाळाभर .२२ वर. ती गोळी स्वस्त आणि धक्का नगण्य, त्यामुळे श्वास, चाप, नेम हे सगळं तिच्यावरच बसतं. मोठ्या रायफलीच्या एका बैठकीत दहा-बारा गोळ्या पुरेत, आणि तिला अजून हव्या असतानाच थांबा. मधूनच तिला न सांगता रिकामं नकली काडतूस भरा. चाप ओढल्यावर नळी स्थिर राहिली तर उत्तम, खाली डुचकळली तर फ्लिंच येऊ लागला आहे, परत .२२ वर जा. टेबलावरून नेम जमला की टेबल सोडा. जमिनीवर बसून, काठ्यांच्या टेकूवर, सहा इंचांच्या कागदी ताटलीत लागोपाठ पाच गोळ्या ज्या अंतरावरून बसतात तेवढा तिचा पल्ला. ते अंतर साठ यार्ड निघालं तर साठच. पलीकडचं हरीण कितीही मोठ्या शिंगांचं असो, जाऊ द्यायचं. गाडीत रायफल कायम रिकामी.

घरी ती कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि किल्ली किंवा आकडे फक्त तुमच्याकडे. लेकीकडे नकोत. ती जबाबदार आहे हे मला मान्य आहे. तरीही नकोत. किशोरवयात मनाची एक वाईट संध्याकाळ कोणावरही येऊ शकते, आणि त्या संध्याकाळी हाताशी बंदूक असणं यासारखा धोका घरात दुसरा नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते: रिकामी, कुलूपबंद, गोळ्या वेगळ्या. तिच्या मैत्रिणीच्या घरी काय पद्धत आहे तेही संकोच न करता विचारा. इथे तो प्रश्न कोणी मनाला लावून घेत नाही, आणि घेतला तर तुम्हाला हवी ती माहिती मिळालीच.

हरीण मिळालं तर मांस लगेच खाऊ नका. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदूचा रोग विस्कॉन्सिनात २००२ साली तुमच्याच डेन काउंटीत, माउंट होरेबच्या आसपास सापडला आणि दक्षिण भागात आता बराच पसरला आहे. डोकं सरकारी नमुना केंद्रावर दिलं की तपासणी फुकट होते. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये चिठ्ठी लावून ठेवा. माणसाला हा रोग झाल्याचं आढळलेलं नाही, पण रोगट हरणाचं मांस खाऊ नये असा आरोग्य खात्याचा स्पष्ट सल्ला आहे.

आईंना त्या इथे पोचायच्या आधी फोनवर सांगा, आणि लेकीलाच सांगू दे. फ्रीजर उघडल्यावर कळणं सगळ्यात वाईट. त्या दचकतील, आणि त्यांचं दचकणं रास्त आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून आपल्याकडे हरीण मारणं गुन्हा आहे, पेपरात ते अटकेच्याच बातमीत येतं. इथे हंगाम, परवाना, किती मारायची याचा दर वर्षीचा हिशेब आणि त्या फीमधून चालणारं जंगलखातं, ही माहिती द्या, पटवायचा हट्ट धरू नका. त्या शाकाहारी असतील तर त्या मांसाची भांडी आणि फ्रीजरचा कप्पा वेगळा ठेवा. नातीने हे का निवडलं हे नात जास्त चांगलं सांगेल.

आणि आईंबरोबर परतीच्या विमानाने तुमच्यापैकी कोणी मुंबईला जाणार असेल तर रेंजवर किंवा केबिनवर नेलेली कुठलीही बॅग त्या प्रवासाला घेऊ नका. अस्तरात अडकलेलं एक विसरलेलं काडतूस आपल्याकडच्या विमानतळावर सापडलं की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि ‘लेकीच्या शिकारीचं आहे’ हे तिथल्या अधिकाऱ्याला समजावून सांगेपर्यंत विमान निघून गेलेलं असतं. रेंजची बॅग वेगळी करा आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहून ठेवा.